व्याह्यांना पाठवायची वाक्यं

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, चष्मे बनवतात. दुकान त्यांचं, काउंटर माझं. मी पुढे उभा राहून गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवतो, कुठली शोभून दिसते याबद्दल बिनदिक्कत खोटं बोलतो आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला नंबर काचेच्या पार्टिशनमागे सरकवतो. पार्टिशनमागे दाजी असतात. समोर काच घासायचं चाक, चाकावर पाण्याची बारीक धार, अंगात कधीकाळी निळा असलेला एप्रन. काच फ्रेमच्या मापाची घासून, कडा उतरवून, बसवून ते बाहेर येतात आणि चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर स्वतः चढवतात. हे काम ते मला करू देत नाहीत. माझ्या हाताला घाई आहे असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे.

चष्मा चढवताना दाजींचा आवाज बदलतो. "समोर बघा. कानामागे टोचतंय? आता? नाकावर जड वाटतोय का? होईल सवय, घाबरू नका." इतक्या हळुवारपणे बोलतात की म्हाताऱ्या बायका उगीचच चष्मा सैल झाला म्हणून पुन्हा येतात. गिऱ्हाईक पायरी उतरलं की तो आवाज बंद. मग दिवसभर माझ्याशी ते जे काही बोलतात ते एका श्वासात बोलून होण्यासारखं असतं. दुकानाच्या मागून जिना वर घरात जातो. वर माझी ताई असते. तिच्या वाट्याला याहूनही कमी येतं.

पण गप्प माणूस म्हणजे थंड माणूस असं कुणाला वाटत असेल तर त्याने दाजींना एकदा जळताना बघावं. समोरच्या कोपऱ्यावर झगमगीत दिव्यांचं चष्म्याचं दुकान उघडलं तेव्हापासून दाजी त्या बाजूने चालत नाहीत, वळसा घालून जातात. आपलं एखादं जुनं गिऱ्हाईक दुसरीकडची फ्रेम घालून नुसता स्क्रू आवळून घ्यायला आलं, की दाजी स्क्रू आवळून देतात, नमस्कारही करतात, आणि दुपारी जेवत नाहीत. एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने ताईच्या चहाचं कौतुक केलं. त्यानंतर तो माणूस घरात आला नाही. नळ दाजी स्वतः दुरुस्त करतात. तो गळतो, पण घरचाच माणूस दुरुस्त करतो याचं त्यांना समाधान आहे.

त्यांना एकुलती एक मुलगी, माझी भाची. ती परदेशात शिकायला गेली, तिकडच्याच मुलाशी लग्न करून बसली आणि आता तिला दिवस गेले होते. जावयाची आई मागेच वारली होती. वडील होते. जन्मभर शहरात बस चालवून निवृत्त झालेले. घर त्यांचं, वरच्या मजल्यावर भाची आणि जावई, खाली ते एकटे. बाळंतपणाला ताईने जायचं हे ठरलंच होतं. दाजींनाही मुलीने बोलावलं, पण त्यांनी "दुकान कोण बघणार?" असं विचारलं. मी तिथेच उभा होतो. मला कुणी धरतच नाही.

सगळं रीतसर चाललं होतं. फक्त एका गोष्टीने दाजींचं घास गिळणं अवघड केलं होतं. मुलीने ताईचं जाण्याचं तिकीट काढलं आणि येण्याचं काढलं नाही. बाळ जरा मोठं होऊ दे, मग बघू, म्हणाली. पुढे हसत असंही म्हणाली की आई, तुला इथे आवडलं तर राहा की, माझ्या सासऱ्यांनी तुझ्यासाठी खालची बागेकडची खोली रिकामी केलीय. दाजी खाली येऊन मला म्हणाले, "बागेकडची खोली म्हणे," आणि चाक सुरू केलं.

त्यात ताईला तिकडच्या भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. भाची दिवसभर कामावर, जावई लाजाळू. तेव्हा शिकवायचं काम व्याह्यांनी घेतलं. त्यांनी फोनमधल्या कुठल्याशा ॲपवर आधीच थोडंफार मराठी गिरवलं होतं. रोज सकाळी, आम्ही दुकान उघडत असताना, वर स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा राहायचा आणि शिकवणी सुरू व्हायची. सुरुवातीला भाची मध्ये बसून अर्थ सांगायची. नंतर तिचीही गरज लागेना. ताई आधी वाक्य मराठीत म्हणायची, मग तिकडच्या भाषेत, तेही ठणठणीत आवाजात, कारण फोन लांबचा आहे म्हणजे ओरडूनच बोलायला हवं असं तिला वाटतं. सगळं जिन्यातून खाली यायचं.

व्याह्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. नमस्कार, कसे आहात, हवा छान आहे, हे सगळं त्यांनी बाजूला ठेवलं. त्यांचं म्हणणं, बसमध्ये त्यांनी जन्मभर परके लोक पाहिले. लांबलचक गोड बोलायला शिकून आलेले चुकीच्या थांब्यावर उतरायचे. ज्यांना तीनच वाक्यं यायची ते बरोबर पोचायचे. मला समजलं नाही. हळू बोला. मला मदत हवी आहे. तेव्हा आधी ही तीन. ताई दिवसभर ती तीन वाक्यं घोकत फिरायची. भांडी घासताना "मला समजलं नाही", जिना झाडताना "मला मदत हवी आहे". चौथं वाक्य तिने स्वतः मागून घेतलं. "मी बाळाची आजी आहे. मला आत सोडा." दवाखान्यात कुणी अडवलं तर म्हणायला. हे वाक्य तिने इतकं पाठ केलं की ते माझ्याही तोंडात बसलं.

इथवर दाजींनी सहन केलं. पण वाक्यं संपल्यावर व्याही गप्पांकडे वळले. तुम्हाला काय आवडतं, हा धडा आला. जिन्यातून ताईचा आवाज आला, "मला मोकळं पाणी बघत बसायला आवडतं. नदी, तलाव, काहीही." मग तेच तिकडच्या भाषेत, अडखळत. चाक थांबलं. दाजी पार्टिशनमागून बाहेर आले.

"तुझ्या ताईला पाणी बघायला आवडतं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, लहानपणी तलावाच्या काठावरून आई तिला ओढत घरी आणायची. त्यांनी मान हलवली. "मला कधी बोलली नाही," म्हणाले. मी म्हणणार होतो की तुम्ही कधी विचारलंत, पण माझी नोकरी त्यांच्याकडेच आहे.

त्यानंतरच्या सकाळी ताई हसली. म्हणजे काय, हसते ती नेहमी, पण पदर तोंडाला लावून. हे हसणं मोकळं होतं, पोटातून आलेलं, आणि पलीकडून फोनमधून एका पुरुषाचं तसंच हसणं. दाजींच्या हातातली काच फुटली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून काच फुटलेली मी पाहिली नव्हती. तेव्हापासून त्यांनी युक्ती काढली. शिकवणी सुरू झाली की चाकही सुरू. सकाळी कामं नसायची, म्हणून भंगारातल्या काचा घासत बसायचे. घर्र घर्र आवाजाने आमची दाढ ठणकायची. ताईने वरून दोनदा सांगितलं, जरा थांबवा की. दाजी ऐकू न आल्यासारखे. शेवटी व्याह्यांनीच विचारलं हा आवाज कसला. ताईने सांगितलं असावं, कारण थोड्या वेळाने ती जिन्यात येऊन म्हणाली, "व्याही म्हणताहेत, सकाळपासून काम करणारा माणूस, मोठा कष्टाळू आहे. त्यांनी नमस्कार सांगितलाय." दाजींनी चाक बंद केलं. शत्रूने केलेली स्तुती पचवायला फार जड जाते, हे मी त्या दिवशी त्यांच्या तोंडावर वाचलं.

त्याच आठवड्यात आगीत तेल पडलं. भाचीने दाजींना फोनवर मागून घेतलं. मागे व्याही उभे, उंच, पांढऱ्या मिशांचे, दोन्ही हात जोडून. भाची म्हणाली, बाबा, यांना तुमच्याकडून काहीतरी हवंय. आईला इथे पहिले दिवस परकं वाटेल. ॲप यांना नुसतं स्टेशन कुठे आहे आणि खोलीचं भाडं किती एवढंच शिकवतं. आईच्या कानावर घरात दिवसभर जी वाक्यं पडतात ती त्यांना शिकायचीयत. म्हणजे ती आली की ते तिच्याशी घरच्यासारखं बोलतील. तुम्ही तुमच्या आवाजात दहा वाक्यं म्हणून पाठवा.

दाजी बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी फोन त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, चला. दाजींनी घसा साफ केला.

"चहा," ते म्हणाले.

मी वाट बघितली. पुढे काही येईना. मी म्हटलं, दुसरं. "टॉवेल." तिसरं? "कोण आलं होतं?" मला बरं वाटलं, निदान यात क्रियापद होतं. मग "दिवा बंद कर." मग बराच वेळ गेला. मग "आलो." आणि दाजींनी फोनकडे पाठ फिरवली. "आणखी काय बोलतो मी?" त्यांनी मला विचारलं. ते मला अडकवत नव्हते, त्यांना खरोखर आठवत नव्हतं. मलाही आठवेना. वरून ताईचा घोकण्याचा आवाज येत होता.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे सुचवायला गेलो. म्हटलं, अहो, खरी नसतील तर बरी घाला. "दमलात का? जरा बसा." "जेवण छान झालंय." "तुम्हाला काय हवं?" असली चार घातली की झालं, कोण तपासतंय.

दाजी एवढे चिडले की एप्रनची गाठ सोडून परत बांधली. "तो म्हणणार?" ते म्हणाले. "माझ्या बायकोला? दमलीस का म्हणून?"

"मग तुम्ही म्हणा."

मी हे सहज बोललो होतो, त्यांचं तोंड बंद करण्यासाठी. पण दाजींनी ते धरून ठेवलं. संध्याकाळी शटर ओढताना त्यांनी मला निर्णय सांगितला. वाक्यं पाठवायची, शब्द दिलाय. पण कुठलंही वाक्य त्याच्याकडे जाण्याआधी ताईने ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं असलं पाहिजे. तो म्हणायच्या आधी. आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'विहीणबाई' घालायचं, म्हणजे नातं काय आहे ते त्याच्या लक्षात राहील. कुंपण घालून मगच बाग दाखवावी तसा त्यांचा हिशोब होता. मी म्हटलं, उत्तम.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दाजींनी पहिलं वाक्य मोकळं केलं. ताई डोळे चोळत स्वयंपाकघरात आली आणि दाजी दारात उभे राहून म्हणाले, "दमलीस का?"

"आत्ता तर उठले," ताई म्हणाली. हे तिनेच मला नंतर सांगितलं, जरा काळजीच्या सुरात. दाजींच्या मते मात्र वाक्य म्हणून झालं होतं. खाली येऊन त्यांनी ते 'विहीणबाई, दमलात का' असं माझ्या फोनमध्ये बोलून ठेवलं, आणि चेहरा असा की जणू शर्यतीत पहिले आले.

दुपारी "जेवण छान झालंय." त्या दिवशी ताईची तब्येत बरी नव्हती म्हणून जेवण माझ्या घरून आलं होतं. संध्याकाळी "तुला काय हवं?" असं विचारलं, तेही ती दुधाचं पातेलं उतरवत असताना, तिच्या वाटेत उभं राहून. ती म्हणाली, बाजूला व्हा. पुढच्या दिवशी त्यांनी तिच्या हातातून केरसुणी घेतली आणि "जरा बस" म्हणाले. ताई बसली. हात मांडीवर ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. दाजींनी पुढचं काही ठरवलेलं नव्हतं. तेही तिच्याकडे बघत राहिले.

"डॉक्टर काय म्हणाले?" ताईने विचारलं.

दाजींना कळेना कुठले डॉक्टर. ते काहीतरी पुटपुटले आणि केरसुणी घेऊन खाली आले. पण ताईला जे कळायचं ते कळलं होतं. आमच्या घरात पुरुषमाणूस गोड बोलायला लागला की बायका आधी कपाळाला हात लावून बघतात. मीही त्या आठवड्यात गंमत म्हणून माझ्या बायकोला "दमलीस का?" विचारून पाहिलं. तिने विचारलं, "काय फोडलंस?" तेव्हा ताईचं काही चुकलं नाही. तिने सगळं जुळवलं. नवऱ्याच्या हातून काच फुटली. सकाळी काम नसताना चाकापाशी बसून राहतो. जेवणाची तारीफ करतो. म्हणजे याला काहीतरी मोठं दुखणं आहे, आणि मी निर्धास्त जावं म्हणून लपवतोय. तिने मला जिन्यात गाठून शपथ घातली. मी म्हटलं, ताई, काही नाही गं. पण मी हसत म्हटलं, आणि मी हसतो तेव्हा लपवतोय हे तिला लहानपणापासून माहीत आहे.

दुसऱ्या सकाळी तिने फोनवर लेकीला सांगून टाकलं, मी येत नाही. तुझ्या बाबांची तब्येत बरी नाही.

ते वाक्य जिन्यातून खाली आलं तेव्हा दाजी एका काचेची कड उतरवत होते. त्यांचा हात थांबला नाही. फक्त मान थोडी वर झाली. दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला होता. ज्या गिऱ्हाइकाने समोरच्या दुकानाची फ्रेम आणली त्याच्याशीही ते बोलले. मी म्हटलं, दाजी, सांगा तिला. ते म्हणाले, "मी कुठे म्हटलं आजारी आहे? तिचं तिने समजून घेतलं." मी म्हटलं, पोरगी तिकडे एकटी आहे. ते म्हणाले, "एकटी कशी? तो आहे ना. मोठा हुशार." आणि संध्याकाळी, मी या डोळ्यांनी पाहिलं, ताई जिना उतरत असताना दाजी खोकले. एकदाच, हलकेच. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना न सांगता दुकानातून निघून गेलो.

दोन दिवस असे गेले. मग भाचीचा फोन आला. मी वर होतो, दाजीही जेवायला वर होते. ती रडत नव्हती, हेच वाईट होतं. समजुतीने बोलत होती. आई, तू नको येऊस, बाबांकडे बघ. इथे सासरे म्हणताहेत की ते सगळं करतील. त्यांनी बाळाला न्हाऊ घालायचंसुद्धा शिकून घेतलंय, बाहुलीवर. मागून व्याह्यांनी फोनमध्ये डोकं घातलं आणि दाजींकडे बघून सावकाश, एकेक शब्द उचलून म्हणाले, "तुम्ही बरे व्हा. मी आहे." दाजींच्या ताटातला घास तसाच राहिला. बायको राहिली होती, पण आता लेक आणि नातवंड त्या माणसाच्या पदरात जाताना त्यांना दिसत होतं. जो हेवा मिटला असं वाटत होतं, तो नुसता जागा बदलून बसला होता.

ताईने फोन ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. दाराशी तिची बॅग भरून उभी होती. तिने ती आडवी केली, उघडली आणि एकेक कपडा काढून कपाटात परत ठेवायला लागली. बाळाची दुपटी वेगळी काढून ठेवली, कुणाबरोबर तरी पाठवायला. हे करताना तिचे ओठ हलत होते. सवयीने. आम्ही दोघंही दारात उभे होतो आणि आम्हाला दोघांनाही ऐकू येत होतं. मी बाळाची आजी आहे. मला आत सोडा. मग तेच तिकडच्या भाषेत, आता न अडखळता.

दाजी खोलीत गेले. त्यांनी तिच्या हातातली साडी धरली.

"मला काही झालेलं नाही," ते म्हणाले.

"लपवू नका."

"लपवत नाही. खोकलो तेही खोटं. मी जळतोय."

ताईला वाटलं ताप. तिचा हात त्यांच्या कपाळाकडे गेला. दाजींनी तो बाजूला केला आणि म्हणाले, "त्या बसवाल्यावर जळतोय. तू त्याच्याशी हसतेस. तुला काय आवडतं ते त्याला माहीत आहे. आता माझ्याकडून शिकून तो तुला दमलात का विचारणार. म्हणून मी आधी विचारून घेतलं."

मला तिथून जायला हवं होतं, पण जिन्याची वाट त्याच खोलीतून, आणि मध्ये तीच दोघं होती. ताईने हातातली साडी सोडली आणि ती बिछान्यावर बसली.

"म्हणजे दमले का ते तुम्ही मला विचारत नव्हता," ती म्हणाली. "रांगेत नंबर लावत होता."

दाजींनी मान खाली घातली. मी त्यांना गिऱ्हाइकांसमोर, उधारवाल्यांसमोर, लेकीच्या लग्नाची बातमी आली तेव्हासुद्धा असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. एप्रन अंगातच होता, हातांना काचेची पांढरी पूड. मग ते तिच्यासमोर स्टुलावर बसले, गिऱ्हाइकासमोर बसतात तसे, आणि विचारलं.

"दमलीस का?"

ताई खिडकीकडे बघत होती. "हो," ती म्हणाली. "खूप दमलेय. त्या दिवशी सकाळी विचारलंत तेव्हाही दमलेलीच होते."

यावर दाजी काय म्हणाले मला माहीत नाही, कारण मी भिंतीला घासत त्यांच्या मागून निघालो आणि खाली येऊन दुकानात बसलो. वर बराच वेळ दोघांचे आवाज येत होते. बहुतेक ताईचाच. मध्ये एकदा ती रागावली, मध्ये एकदा भांडं पडल्याचा आवाज आला. त्या दुपारी चाक चाललं नाही. संध्याकाळी बॅग पुन्हा दाराशी उभी होती.

वाक्यांचा विषय मीच काढला, कारण फोन माझ्याकडे आणि व्याही वाट बघत होते. दाजी लगेच म्हणाले, ती दमलात का, जरा बसा, सगळी पुसून टाक, चहा-टॉवेल पाठव. ताई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "सगळी पाठवा. मी तिकडे बाळंतपण करायला चाललेय, दमणारच. तुम्ही तिथे नसणार. मग कुणी तरी विचारायला नको?"

दाजींच्या तोंडावर जे आलं ते मी कुणाच्याही तोंडावर येऊ नये असं म्हणेन. पण ते हो म्हणाले.

ताईला आम्ही रात्री विमानतळावर सोडून आलो. काचेच्या दारापलीकडे गेल्यावर ती एकदा वळली आणि दाजींनी हात वर केला, तो ती दिसेनाशी झाल्यावरही वरच राहिला. सकाळी दुकान उघडलं, पण एप्रन घातला नाही. मला म्हणाले, त्याला फोन लाव. ताई अजून हवेतच होती.

भाचीने फोन व्याह्यांना दिला. ते विमानतळावर निघायच्या तयारीत, इस्त्रीचा शर्ट घालून. दाजींनी तो शर्ट नीट बघितला. मग शिकवणी घेतली. मी मध्ये भाचीशी बोलत होतो, ती पलीकडे सांगत होती. विहीणबाई, चहा. विहीणबाई, दमलात का. जरा बसा. जेवण छान झालंय. व्याही म्हणत गेले, दाजी दुरुस्त करत गेले. हळू, घाई नको. तसं नाही, असं. चष्मा बसवताना करतात तसं, थोडं थोडं वाकवत. सगळी झाली. व्याह्यांनी हात जोडले.

"अजून एक आहे," दाजी म्हणाले.

हे माझ्या फोनमध्ये नव्हतं. मला त्यांनी सांगितलंही नव्हतं. ते फोनच्या जवळ सरकले आणि म्हणाले, "विहीणबाई, घरी तुमची वाट बघताहेत." मग मला म्हणाले, त्याला सांग, हे रोज म्हणायचं. सकाळी उठल्याबरोबर. अर्थ विचारला तर सांग, आमच्याकडे म्हणायचंच असतं.

पलीकडे भाचीने अर्थ सांगितला की नाही मला कळलं नाही. व्याह्यांनी डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले, आणि पहिल्याच खेपेला अख्खं वाक्य म्हटलं. एकही शब्द न अडखळता, हळुवार, म्हणायला हवं तसं. दाजींचं तोंड एवढंसं झालं.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले.